पुण्याहून ब्रिटनला जाताय आणि रॅलीत उतरायचंय? सुरुवात नॅव्हिगेटरच्या सीटवरून करा

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्याहून ब्रिटनला जाणाऱ्यांत गाड्यांचं वेड असलेले बरेच असतात. तिथे हौशी मोटर क्लब गावोगावी आहेत, वीकेंडला कुठे ना कुठे रॅली असते, हे ऐकलं की पहिला प्रश्न येतो, "कोणती गाडी घेऊ?" आमचं उत्तर नेहमी एकच असतं: पहिलं वर्ष गाडी घेऊच नका, नॅव्हिगेटर व्हा, म्हणजे ड्रायव्हरशेजारी बसून नकाशा आणि वेळ सांभाळा.

नॅव्हिगेटरला ड्रायव्हिंग लायसन्स लागत नाही, गाडी लागत नाही, गाडीचा विमा लागत नाही. चांगल्या नॅव्हिगेटरची टंचाई मात्र प्रत्येक क्लबात असते, त्यामुळे नवख्यालाही लवकर जागा मिळते. या कामाचा जवळजवळ सगळा पाया पुण्यात, विमानात बसण्याआधी घालता येतो. मूसा शरीफ यांनी भारतीय रॅलीत जे नाव कमावलं ते को-ड्रायव्हरच्या, म्हणजे याच, सीटवर बसूनच. ही सीट दुय्यम आहे असं मानून बसू नका.

१. आधी कोणती रॅली ते समजून घ्या

रॅली म्हटल्यावर डोळ्यांसमोर उडत्या मातीतली गाडी येते. ती स्टेज रॅली. तिथे रस्ता पूर्ण बंद असतो, गाड्या एकेक करून सुटतात, सगळ्या स्टेजेसच्या (बंद रस्त्याच्या तुकड्यांच्या) वेळेची बेरीज जिची कमी ती गाडी जिंकते. गाडीला रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा सांगाडा), अंगावर आगरोधक सूट, डोक्याला हेल्मेट हे सगळं सक्तीचं. इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्ते बंद करून स्टेज घ्यायला २०१७ पासून परवानगी आहे. त्याआधी अशा स्टेजेस जंगलांतले रस्ते, जुने विमानतळ आणि खासगी जागांवरच होत, आजही बऱ्याचशा तिथेच होतात.

दुसरा प्रकार रोड रॅली. ही चालू रस्त्यावर, वाहतुकीचे सगळे नियम पाळून होते. ठरवून दिलेला सरासरी वेग ताशी ३० मैलांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. इथे कस लागतो तो नकाशा वाचण्याचा आणि वेळ पाळण्याचा. यातलं सगळ्यांत छोटं रूप म्हणजे १२-कार रॅली: जास्तीत जास्त १२ गाड्या, आठवड्यातली एखादी संध्याकाळ, ५०-६० मैलांच्या आसपासचा मार्ग. नवख्याने इथूनच शिरावं.

आपल्याकडची टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅली, ही या रोड रॅलीची जवळची बहीण. म्हणून पुण्यात टीएसडी शिकलात तर तिकडचं अर्धं काम झालं.

२. पुण्यात असतानाच टीएसडीचं गणित पक्कं करा

टीएसडीत आयोजक मार्गाचा तक्ता देतात आणि कुठून कुठपर्यंत कोणत्या सरासरी वेगाने जायचं ते सांगतात. वाटेत कुठेतरी, न सांगितलेल्या जागी, घड्याळ घेऊन लोक बसलेले असतात. तुम्ही त्यांच्यासमोरून अचूक वेळेला जायचं. उशीर झाला तर दंड, लवकर पोचलात तरी दंड, आणि लवकर पोचण्याचा दंड बऱ्याच स्पर्धांत उशिरापेक्षा जास्त ठेवलेला असतो. नक्की किती, ते त्या स्पर्धेच्या पुरवणी नियमावलीत असतं. ती आधी वाचा.

सूत्र शाळेतलंच आहे: अंतर भागिले वेग गुणिले ६० म्हणजे मिनिटं. समजा तक्ता असा आहे:

० ते ७.४० किमी, वेग ३२
७.४० ते १८.९० किमी, वेग ३८
१८.९० ते २३.१० किमी, वेग २६

पहिल्या टप्प्याला १३ मिनिटं ५२.५ सेकंद. दुसरा टप्पा ११.५० किमीचा, त्याला १८ मिनिटं ९.५ सेकंद. तिसरा ४.२० किमीचा, ९ मिनिटं ४१.५ सेकंद. एकूण ४१ मिनिटं ४३.५ सेकंद. म्हणजे ९:३१:०० ला निघालेली गाडी २३.१० किमीवर १०:१२:४३ च्या सुमारास दिसली पाहिजे.

हे घरी बसून कुणालाही जमतं. चालत्या गाडीत जमण्यासाठी एक आकडा पाठ ठेवा: ३६० ला वेगाने भागलं की १०० मीटरला किती सेकंद लागतात ते मिळतं. वेग ३० असेल तर १२ सेकंद, ३६ ला १०, ४० ला ९, ४५ ला ८. ड्रायव्हरला "थोडं हळू", "जरा पळव" असं सांगून काही कळत नाही. "आपण ७ सेकंद पुढे आहोत" हे कळतं. शिवाय दर किलोमीटरला कोणत्या घड्याळी वेळेला असायला हवं याची यादी सुटण्याआधीच कागदावर लिहून ठेवा. फोनच्या कॅल्क्युलेटरवर विसंबून राहणारी जोडी पहिल्या चुकलेल्या वळणावर कोलमडते, कारण त्या क्षणी गणित करायला वेळच नसतो.

आता सगळ्यांत जास्त लोक जिथे अडकतात तो भाग: कॅलिब्रेशन. तुमच्या गाडीचा मीटर आणि आयोजकांच्या गाडीचा मीटर कधीच एक नसतो. म्हणून रॅलीच्या सुरुवातीला एक मोजून दिलेला पट्टा असतो. समजा आयोजक म्हणतात १२.०० किमी आणि तुमच्या मीटरवर १२.३० आले. तुमचा मीटर २.५ टक्के जास्त दाखवतोय. आयोजकांचं प्रत्येक अंतर १.०२५ ने गुणलं की ते तुमच्या मीटरवर कुठे येईल ते कळतं: १८.९० चं वळण तुमच्याकडे १९.३७ ला येणार. हे केलंच नाही तर काय होतं? मीटर सांगतो तुम्ही ठरल्या जागी आहात, प्रत्यक्षात तुम्ही मागे असता. वरच्या उदाहरणात १८.९० पर्यंत ३२ मिनिटांत सुमारे ४८ सेकंदांचा उशीर साचतो आणि गाडीत कुणाला पत्ताही नसतो.

हा फरक येतो मुख्यतः टायरमुळे. टायरची त्रिज्या साधारण ३०० मिलिमीटर धरली आणि नक्षी ५ मिलिमीटर झिजली तर चाक सुमारे १.७ टक्के लहान होतं. हवा कमी-जास्त झाली तरी फरक पडतो. त्यामुळे कॅलिब्रेशन झाल्यावर वाटेत हवा भरू नका, टायर बदलावा लागला तर पुन्हा मोजा. आणखी एक बारीक गोष्ट: आयोजकांची गाडी वळणं कशी कापत गेली त्यावरही अंतर ठरतं. घाटात प्रत्येक वळण बाहेरच्या कडेने घेतलंत तर आकडे हळूहळू सरकतात. तक्त्यातल्या ओळखीच्या खुणेपाशी, मंदिर, पूल, मैलाचा दगड, मीटर जुळवून घेत चला.

सरावासाठी हडपसर, दिवेघाट, सासवड, नारायणपूर, कापूरहोळ आणि महामार्गाने परत, हा फेरा चांगला आहे. घाट आहे, गावातली गर्दी आहे, वळणाचे लहान रस्ते आहेत. तिघे जण लागतात. तिसऱ्याने आदल्या दिवशी मार्ग मोजून तक्ता करायचा आणि तुम्हाला न सांगितलेल्या एखाद्या चहाच्या टपरीवर घड्याळ घेऊन बसायचं. रविवारी सकाळी लवकर निघा. आषाढी वारीत माउलींची पालखी दिवेघाटातून जाते त्या दिवसांत तिकडे फिरकू नका. सरासरी २८ ते ३६ च्या आत ठेवा. याहून जास्त वेग ठेवून सराव करण्यात काही अर्थ नाही, कारण शिकायचंय ते अचूकपणा.

इथे दोन इशारे. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. दोन गाड्या घेऊन ताम्हिणीत "बघू कोण आधी पोचतं" हा सराव नव्हे. दुसरा इशारा विम्याचा: भारतातल्या साध्या मोटर पॉलिसीत संघटित शर्यती, वेगाच्या चाचण्या आणि रिलायबिलिटी ट्रायल यांसाठीचा वापर वगळलेला असतो. खऱ्या टीएसडी स्पर्धेत गाडी उतरवणार असाल तर विमा कंपनीकडे रॅलीसाठीचं जोडपत्र, आयएमटी ३१, लेखी मागा.

खरी स्पर्धा एक तरी करून जा. मोटर स्पोर्टची राष्ट्रीय संघटना एफएमएससीआय आहे, तिच्या अखत्यारीत राष्ट्रीय टीएसडी स्पर्धामाला चालते. नाशिकची वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशन वर्षानुवर्षं रॅली भरवत आलेली आहे आणि पुण्याहून तिथे जाणं सोपं आहे. स्पर्धेला एफएमएससीआयचं परमिट आहे की नाही ते प्रवेश अर्ज भरण्याआधी विचारा. नसेल तर पैसे देऊ नका.

३. पोट आणि नकाशा, दोन्हींची सवय

वळणावळणाच्या रस्त्यावर मान खाली घालून वाचलं की मळमळतं. तिकडच्या रॅली रात्रीच्या, अरुंद रस्त्यांवरच्या असतात, तिथे हा त्रास दुप्पट होतो. चांगल्या गणिताचे कितीतरी जण याच कारणाने पहिल्या तासात हात टेकतात. उपाय सवयीचाच आहे. मित्र चालवत असताना शेजारी बसून घाटात आधी दोन मिनिटं वाचा, वर बघा, मग पाच मिनिटं, असं वाढवत न्या. कागद मांडीवर ठेवू नका, छातीच्या उंचीवर धरा, म्हणजे नजर वर-खाली कमी होते. निघण्याआधी हलकं खा, पण उपाशी राहू नका. मळमळीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे नव्या गोळीचा प्रयोग स्पर्धेच्या दिवशी नको. डॉक्टरांना विचारा आणि घरी घेऊन बघा.

नकाशाचं म्हणाल तर, ब्रिटिश रोड रॅली ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या नकाशा संस्थेच्या लँडरेंजर नकाशांवर चालते. प्रमाण १:५०,०००, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर. आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाचे ओपन सिरीज नकाशे याच प्रमाणाचे आहेत आणि त्यांच्या पोर्टलवरून उतरवून घेता येतात. सिंहगड-पानशेत भागाचा नकाशा छापून घ्या आणि समोच्च रेषा बघून रस्ता पुढे चढणार की उतरणार, वळण आंधळं असेल का, हे आधी सांगायचा प्रयत्न करा. मग तिथे जाऊन पडताळा. आपल्याकडे या प्रमाणावर समोच्च रेषा सहसा २० मीटरच्या अंतराने असतात, लँडरेंजरवर १० मीटरच्या. तिकडे गेल्यावर सगळे डोंगर अचानक दुप्पट चढाचे वाटतील, तेव्हा हे आठवा.

४. निघण्याआधी ही कागदपत्रं जमवा

- ड्रायव्हिंग लायसन्स. मुदत तपासा. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत संपत असेल तर पत्ता, नूतनीकरण सगळं इथेच उरका.
- आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट. अर्ज फॉर्म ४ए, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. पासपोर्टची प्रत लागते. तुमचा पत्ता पुणे आरटीओच्या हद्दीत येतो की पिंपरी-चिंचवडच्या, ते बघून अर्ज करा, चुकीच्या कार्यालयात खेटे घालण्यात लोकांचे दिवस जातात.
- विमा कंपनीचं नो-क्लेम पत्र, कंपनीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, किती वर्षं क्लेम नाही ते लिहिलेलं. तिकडच्या सगळ्या कंपन्या ते मानत नाहीत, काही मानतात. परदेशातून हे पत्र मिळवणं फार जिकिरीचं होतं.
- एफएमएससीआयचं लायसन्स काढलं असेल तर त्याची प्रत आणि स्पर्धांचे निकाल.
- चष्म्याचा नंबर, रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि आणीबाणीत कळवायचे दोन संपर्क. एक पुण्यातला चालेल, दुसरा तिकडचाच हवा.
- नॅव्हिगेटरसाठी जादा चष्मा. यादीत क्षुल्लक वाटतो, पण रात्री गाडीत चष्मा तुटला की रॅली संपली.

५. दोन वेगवेगळी लायसन्सं, गोंधळ करू नका

पहिलं, रस्त्यावर गाडी चालवायचं. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये भारतीय लायसन्सवर रहिवासी झाल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर नाही. भारतीय लायसन्स तिथे नुसतं बदलून मिळत नाही. प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स काढायचं, लेखी परीक्षा, मग रस्त्यावरची परीक्षा. परीक्षेच्या तारखा लांबच्या मिळतात, म्हणून पोचल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच हे सुरू करा. अकराव्या महिन्यात जागे होणारे पुढे बराच काळ शिकाऊ म्हणून एल पाटी लावून बसतात. त्या काळातही नॅव्हिगेटरचं काम चालू ठेवता येतं, हा आमच्या सल्ल्यामागचा एक मोठा भाग आहे.

दुसरं, स्पर्धेचं लायसन्स. ते देते मोटरस्पोर्ट यूके ही तिथली राष्ट्रीय संघटना. १२-कार आणि तशा छोट्या स्पर्धांसाठी आरएस क्लबमन नावाचं सुरुवातीचं लायसन्स पुरतं, अर्ज ऑनलाइन. पण नुसतं लायसन्स चालत नाही, मान्यताप्राप्त क्लबचं सभासदत्वही लागतं.

ज्यांच्याकडे एफएमएससीआयचं लायसन्स आहे त्यांनी एक लक्षात ठेवा. जागतिक संघटना एफआयएच्या नियमांनुसार एकाच वेळी दोन देशांच्या संघटनांची लायसन्सं बाळगता येत नाहीत, आणि आपल्या देशाऐवजी दुसऱ्या देशाच्या संघटनेकडून लायसन्स घ्यायचं तर मूळ संघटनेची संमती लागते. राष्ट्रीय किंवा त्यावरच्या पातळीचा विचार असेल तर एफएमएससीआयला आधी ईमेल करा आणि संमती लेखी घ्या.

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथली संघटना डीएमएसबी, भारतीय लायसन्स तिथे राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतं, आणि रस्ता उजव्या बाजूचा. ब्रिटनमध्ये गाडीही उजव्या हाताची आणि रस्ताही डावीकडचा, आपल्यासारखाच. नकाशावरून "डावं, उजवं" सांगणाऱ्याला याने किती फरक पडतो ते पहिल्या रात्रीच कळतं.

६. व्हिसाची अट मोडू नका

स्टुडंट व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येत नाही. तिथले इमिग्रेशन नियम हौशी कुणाला म्हणायचं तेही सांगतात: जो निव्वळ स्वतःच्या आनंदासाठी खेळतो आणि त्यातून उपजीविका करू पाहत नाही तो. क्लब पातळीवर स्वखर्चाने उतरणारा यात बसतो. पण कुणी पैसे देऊन को-ड्रायव्हर म्हणून बसवलं, प्रायोजकाकडून मानधन घेतलं, किंवा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवण्याचे पैसे घेतले तर प्रकरण बदलतं. असा प्रस्ताव आला तर होकार देण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराला विचारा. पेट्रोलचा खर्च ड्रायव्हरबरोबर वाटून घेणं वेगळं आणि फी घेणं वेगळं.

७. क्लब शोधा आणि आधी मार्शल व्हा

मोटरस्पोर्ट यूकेच्या संकेतस्थळावर क्लब शोधता येतात. राहत्या जागेपासून तासाभराच्या आतला, आणि वर्षात चार-पाच १२-कार भरवणारा क्लब निवडा. मोठ्या नावाचा पण वर्षातून एकच मोठी रॅली घेणारा क्लब नवख्याच्या उपयोगाचा नाही. अनेक विद्यापीठांचे स्वतःचे मोटर क्लब आहेत, केंब्रिजचा तर १९०२ पासूनचा. विद्यार्थी असाल तर तिथून सुरुवात करा.

क्लबच्या बैठकीला जाऊन लगेच "मला सीट द्या" म्हणू नका. आधी दोन-तीन वेळा मार्शल म्हणून उभे राहा. मार्शल म्हणजे टाइम कंट्रोलवर, वेळ नोंदवायच्या ठरलेल्या जागी, गाड्यांच्या वेळा लिहिणारा, सही देणारा स्वयंसेवक. प्रशिक्षण ऑनलाइन होतं. इथे उभं राहून एका रात्रीत कळतं की कोणता नॅव्हिगेटर शांत असतो, कोण वेळा नोंदवायचं कार्ड पुढे करायला विसरतो, कोण चुकीच्या दिशेने येतो. शिवाय मार्शल मिळवणं आयोजकांना नेहमी जड जातं, त्यामुळे तुमचं नाव लक्षात राहतं. गरम कपडे, जलरोधक बूट, चमकणारं जॅकेट, डोक्याला बांधायची बॅटरी आणि थर्मास घ्या. पुण्याच्या थंडीच्या स्वेटरवर तिथली नोव्हेंबरची रात्र निघत नाही.

८. नॅव्हिगेटरची पिशवी

त्या भागाचा लँडरेंजर नकाशा, ताजी आवृत्ती. नकाशाखाली धरायला कडक फळी, साधारण दोन फूट बाय दीड फूट. २बी पेन्सिली सहा, टोक केलेल्या, आणि खोडरबर दोरीने त्या फळीला बांधलेला, कारण अंधारात सीटखाली गेलेला खोडरबर सापडत नाही. रोमर, म्हणजे नकाशाच्या चौकटीचे दहा भाग मोजायची पारदर्शक पट्टी. पोटी, म्हणजे आतून उजेड देणारं गोल भिंग, जे नकाशावर ठेवून वाचतात. सेकंद दाखवणारं घड्याळ. महागडा ट्रिप मीटर (अंतर मोजायचं उपकरण) पहिल्या वर्षी घेऊ नका. बहुतेक अनुभवी ड्रायव्हरांच्या गाडीत तो असतोच, शून्य कसा करायचा तेवढं निघण्याआधी विचारून घ्या. नॅव्हिगेशनसाठी फोन वापरायला बहुतेक रॅलीत बंदी असते.

९. पहिली १२-कार रॅली: काय होतं आणि काय चुकतं

गाड्या एकेक मिनिटाच्या अंतराने सुटतात. सुटताना किंवा वाटेत मार्गाचे कागद मिळतात आणि ते उलगडून नकाशावर रेघ ओढायची असते. मार्ग तऱ्हेतऱ्हेने सांगतात. साधे सहा आकडी संदर्भ असतात: पहिले तीन आकडे पूर्वेकडचे, नंतरचे तीन उत्तरेकडचे. ही अदलाबदल नवख्याची पहिली चूक. ट्युलिप असतात: गोळ्यापासून बाणापर्यंत चौकाचं चित्र. कधी नकाशावरच्या उंचीच्या आकड्यांची ओळ देतात, त्या क्रमाने आकडे शोधत जायचं. आणि हेरिंगबोन: एक सरळ रेघ, तिला डावी-उजवीकडे काटे. रेघ म्हणजे तुमचा मार्ग ताणून सरळ केलेला, काटे म्हणजे तुम्ही न घेतलेले रस्ते. काटा डावीकडे असेल तर तो रस्ता डावीकडे सोडून पुढे जायचं. घरी बसून नकाशावर मार्ग ठरवून त्याचा हेरिंगबोन स्वतः काढला की हे प्रकरण एका आठवड्यात अंगवळणी पडतं. पुण्यातल्या पेठांचा नकाशा घेऊनही हा सराव होतो.

नवख्यांच्या गटात नाव द्या. तिथे कागद सोपे असतात.

चुका कुठे होतात ते क्रमाने सांगतो. पहिली, पूर्ण मार्ग काढून होईपर्यंत गाडी उभी ठेवणं. पहिले दोन-तीन मैल सापडले की ड्रायव्हरला निघायला सांगा, बाकी चालत्या गाडीत काढा. दुसरी, रस्त्याकडेच्या कोड बोर्डांकडे दुर्लक्ष. ही लहान पाट्यांवरची अक्षरं असतात, ती कार्डावर शाईने लिहायची असतात. पाटी नाही दिसली तर तुम्ही बहुधा भलत्याच रस्त्यावर आहात. तिसरी, टाइम कंट्रोलमध्ये चुकीच्या दिशेने शिरणं. जागा बरोबर, दिशा चूक, तरी दंड. चौथी, वेळ भरून काढायला गावातून जोरात जाणं. शांत विभाग नकाशावर आधीच सांगितलेले असतात, तिथे दिवे मंद आणि इंजिन शांत. एका तक्रारीने पूर्ण क्लबला पुढच्या वर्षी तो भाग मिळत नाही, म्हणून आयोजक याबाबत कुणाचीही गय करत नाहीत.

एखादा कंट्रोल सोडण्यापेक्षा तिथे उशिरा पोचणं बहुतेक वेळा कमी नुकसानीचं. पण एकूण उशिराची एक मर्यादा असते, बहुधा ३० मिनिटं. ती ओलांडली की पुढचं काहीच मोजलं जात नाही. वीस-बावीस मिनिटं उशीर साचला की नकाशावर बघा, कोणता तुकडा सोडून थेट पुढच्या कंट्रोलला जाता येईल. हा निर्णय नॅव्हिगेटरने घ्यायचा, आणि ड्रायव्हरशी वाद न घालता.

शेवटी कार्ड आणि नुकसानीचं प्रतिज्ञापत्र भरून द्यायचं. कुठे कुंपण, भिंत, दुसरी गाडी यांना धक्का लागला असेल तर लिहा. काहीच झालं नसेल तरी सही हवीच. निकाल आधी तात्पुरता लागतो, हरकतीची मुदत संपल्यावर पक्का होतो. तोवर थांबा. तुमच्या कार्डातल्या चुका अनुभवी नॅव्हिगेटर तिथेच बसून समजावून देतात, आणि इतकी चांगली शिकवणी दुसरीकडे मिळत नाही.

१०. स्वतः चालवायचं ठरल्यावर

रोड रॅलीसाठी साधी, नीट ठेवलेली छोटी हॅचबॅक पुरते. एमओटी (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची) तपासणी आणि रोड टॅक्स चालू हवेत, सायलेन्सर आवाजाच्या मर्यादेत हवा. अडचण येते ती विम्याची. तुमच्या रोजच्या पॉलिसीत स्पर्धा बहुतेक वगळलेल्या असतात. रॅलीपुरतं तृतीय पक्षाचं संरक्षण बऱ्याचदा आयोजकांमार्फत घेता येतं, पण त्यात तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान धरलेलं नसतं. गाडीत केलेला प्रत्येक बदल, जादा दिवे, सस्पेन्शन, सीट, रोजच्या विमा कंपनीला कळवा. लपवलेला बदल दावा नाकारायला पुरेसा ठरतो.

११. स्टेज रॅली

ड्रायव्हरला बीएआरएस या रॅली स्कूलच्या संघटनेच्या मान्यताप्राप्त शाळेत जाऊन चाचणी द्यावी लागते. त्यानंतर लायसन्स. को-ड्रायव्हर म्हणून आलात तर खर्च निम्म्याहूनही कमी, आणि रोड रॅलीतलं घड्याळ पाळणं इथे जसंच्या तसं उपयोगी पडतं.

हेल्मेट भारतातून नेणार असाल तर थांबा. आयएसआयचं किंवा मोटरसायकलचं हेल्मेट इथे चालत नाही. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं एसए मानांकन किंवा एफआयए ८८५९ हवं. एसए आणि एम या दोन स्नेल मानांकनांत आगरोधकतेचा फरक आहे, एम मोटरसायकलसाठी असतं. मानेच्या आधाराचं उपकरण, एफआयए ८८५८, सक्तीचं आहे आणि त्यासाठी हेल्मेटला अडकवायचे खिळे लागतात, ते आधीच बसवलेले घ्या. सूट एफआयए ८८५६, शिवलेलं लेबल शाबूत असलेला. वापरलेला सूट स्वस्त मिळतो, पण लेबल कापलेलं असेल तर तपासनीस तो बाद करतो.

गाडी भाड्याने घ्या. पैसे देण्याआधी हे लेखी विचारा: नुकसानीची जास्तीत जास्त जबाबदारी किती, टायर आणि इंधन भाड्यात आहे का, मेकॅनिक कोण, गाडी मध्येच बंद पडली तर पैसे परत मिळतात का, पट्टे आणि सीटवरची मुदतीची तारीख काय, लॉगबुक कुणाच्या नावावर. पेस नोट्स, म्हणजे को-ड्रायव्हर वाचून दाखवतो ती वळणांची टिपणं, कोणत्या पद्धतीच्या तेही विचारा. ब्रिटनमध्ये १ म्हणजे सर्वांत संथ वळण आणि ६ सर्वांत वेगवान अशी पद्धत जास्त दिसते, पण काही ड्रायव्हर उलट आकडे वापरतात. जोडीदारही पुण्याचा असेल आणि तुम्ही मराठीत बोलत असाल तरी नोट्सची भाषा एकच ठरवा आणि रेकीपासून (आधी मार्ग पाहून घेण्यापासून) शेवटच्या स्टेजपर्यंत तीच ठेवा. एका वाक्यात "लेफ्ट" आणि पुढच्यात "उजवं" आलं की ड्रायव्हरला अर्धा सेकंद जास्त लागतो, आणि ताशी १०० किलोमीटरला अर्ध्या सेकंदात गाडी जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते.